कमी देखभालीचं घर

रविवार, १२ सप्टेंबर

दादा,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की निवृत्तीनंतर बाबांना खूळ लागलं आणि त्यांनी ती राहायची गाडी घेतली, आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास सगळं असलेली. हे चूक आहे. गाडी आईने घेतली. बाबांनी फक्त तिची उंची मोजली.

आपल्या घरची रीत तू विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. नवी तक्रार लिहिण्याआधी मागच्या तक्रारीतली चूक सुधारायची. जेवणाच्या टेबलावर आपली शाळा भरायची तेव्हा आईने हा नियम घातला होता. ‘हिने माझं खोडरबर खाल्लं’ अशी तू लेखी तक्रार केलीस आणि दुसऱ्या दिवशी ‘खाल्लं नाही, फक्त चावलं’ अशी दुरुस्ती तुला करावी लागली. तेव्हा तू निदान दुरुस्त्या तरी करत होतास.

तर आई. चार महिने ती दर मंगळवारी आणि गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात होती. म्हणजे तसं सांगून जात होती. मी काळजीने अर्धी झाले. काचबिंदूवर मिळेल ते वाचलं, तिच्या उशाशी मोठा दिवा लावला, जिन्याच्या कडांना पांढरी पट्टी चिकटवली. आई त्या पट्ट्यांवरून सावकाश पाय टाकत उतरायची आणि ड्रायव्हिंग क्लासला जायची. मग एक दिवस दाराशी एसटीच्या धाकट्या भावासारखं काहीतरी येऊन थांबलं आणि चालकाच्या खिडकीतून आईचं डोकं बाहेर आलं.

“डोळ्यांचं काय झालं?” मी विचारलं.

“डोळे उत्तम आहेत. आरसे तीन आहेत, तिन्हींत दिसतं. बाजूला हो, मला मागे घ्यायचीय.”

बाबा शेजारच्या सीटवर बसतात आणि मोठ्याने वेग वाचतात. तीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासलेल्या माणसाला काहीतरी तपासायला लागतंच. गाडीत किती वजन चालतं याला मर्यादा आहे, म्हणून ते आता टॉवेल तोलतात. कोरडे वेगळे, ओले वेगळे. आईने तिसरी चादर घेतली तेव्हा बाबांनी तिला एक पातेलं खाली ठेवायला लावलं. ही त्यांची मुक्त भटकंती.

गाडी पांढरी आहे, पायरीचं दार आहे, बाजूने निळा पट्टा आहे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू रिपोर्टांची पिशवी घेऊन पायरीशी उभ्या. “डॉक्टर कधी बसतात?” आई म्हणाली, “बसत नाहीत, फिरतात.” तेव्हापासून अख्खी गल्ली गाडीला दवाखाना म्हणते.

आता मुद्दा. हे घर विकायचं आहे. गिऱ्हाईक ठरलंय, नोव्हेंबरअखेर ताबा द्यायचा. वर्षातले बहुतेक महिने दोघं गाडीतच असणार, म्हणून नवं घर छोटं हवं, आणि कमी देखभालीचं. हे दोन शब्द बाबा असे उच्चारतात की जणू कुणी साधुपुरुष त्यांच्या कानात सांगून गेलाय. घर शोधायचं काम माझं. “तुझी नजर बारीक आहे,” बाबा म्हणाले. आपल्याकडे कौतुक हा कामाचा बयाणा असतो, ते तुला ठाऊक आहे. म्हणून तर तू बयाणा घेऊन पळालास.

एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेने धरणावर एक जागा काढली आहे. राहायला खोली आहे. मी अर्ज केलाय. मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर काय करायचं हे मला माहीत नाही, कारण आजीचा नियम अजून चालू आहे. घर रिकामं ठेवायचं नाही. कुणीतरी एक मागे राहायचंच; दिवसा थोड्या वेळासाठी शेजारच्या काकू येऊन बसल्या तर चालतं, रात्री घरचंच माणूस. ‘रिकाम्या घरात दुसरंच कुणीतरी राहायला येतं’ असं ती म्हणायची. ती गेली, नियम राहिला. मी सव्वीस वर्षांची आहे आणि या छपराबाहेर अजून एकदाही झोपलेली नाही. हे लिहून झाल्यावर मी उठून गॅसचा कॉक बघून आले. बंद होता.

तुझी बहीण


सोमवार, २७ सप्टेंबर

दादा,

दुरुस्ती छोटी आहे. गाडीचा पट्टा निळा नाही, हिरवट आहे. उन्हात नीट पाहिला.

तुझं उत्तर मिळालं. चार पानांच्या पत्राला तू फोनवर एक अंगठा पाठवलास. अडाणी माणूसही अंगठा उठवण्याआधी मजकूर वाचून दाखवायला सांगतो. तू तेवढंही केलेलं दिसत नाही, कारण त्याखाली तू लिहिलंस, ‘छान! बाबांना एंजॉय करू दे.’ बाबा नव्हे, आई. पहिलीच ओळ होती.

घरं बघणं चालू आहे. एजंटला मी ‘टेन्शन नाही’ म्हणते, अर्थात मनात. वाक्य कुठलंही असो, त्याच्या शेवटी त्याला टेन्शन नसतं. छत गळतं का? थोडं, पण टेन्शन नाही. शेजारी कोण आहे? बँडवाले, पण टेन्शन नाही. त्याच्या वाट्याचं सगळं टेन्शन कुणाकडे जात असेल याचा मी विचार केला आणि आरशात पाहिलं.

पहिलं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला. अंगणभर प्लास्टिकचं गवत.

“पाणी नको, कापणं नको, खत नको,” टेन्शन नाही म्हणाला. “तुम्ही सहा महिन्यांनी या, असंच्या असं हिरवं. ह्याला म्हणतात मेंटेनन्स फ्री.”

मी हात लावला. तव्यासारखं तापलं होतं आणि नव्या चपलेचा वास येत होता. बाबा मात्र गुडघे टेकून बसले, एक पातं उपटायचा प्रयत्न केला, निघालं नाही म्हणून प्रसन्न झाले. “दर्जा आहे,” म्हणाले. नंतर लक्षात आलं की त्या गल्लीत गाडी शिरते पण वळत नाही. आईने उलटी बाहेर काढली. बाबा मागे उभे राहून “ये, ये, ये, अगं थांब!” करत होते आणि तीन घरांतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती. आईच्या चेहऱ्यावर असा काही तोरा होता की मला तिचा राग आला, आणि तो का आला हे मला अजून नीट कळलेलं नाही.

दुसरं घर दहाव्या मजल्यावर. स्वच्छ, कोरडं, खिडक्या मोठ्या, देखभाल खरंच नाही. पण सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाले, “ही गाडी आहे की दुकान?”

“घर आहे,” आई म्हणाली.

“मग वर कशाला घेताय?”

मला वाटतं, सबंध महिन्यातला तेवढा एकच शहाणा प्रश्न. एवढ्या हौसेने घर चाकांवर चढवलंय, तर खाली दुसरं कशाला? बाबा परतताना म्हणाले, “माणसाला पत्ता लागतो.” मी म्हटलं, पत्त्याला काय, टपालपेटी पुरते. त्यावर ते वेग वाचू लागले.

रात्री जेवताना त्यांनी आपल्या शाळेतल्यासारखी तोंडी घेतली. “कमी देखभालीचं घर म्हणजे काय? व्याख्या.”

मी म्हटलं, “जे आपण नसताना बिघडत नाही ते.”

“पूर्ण गुण,” म्हणाले.

तुला तरी अशी मुलाखत घेणारं कुणी आहे का तिकडे? नसेल. तू सुखी असशील. तुझ्या सुखाचं मला काही वाटत नाही, फक्त ते किती सोपं आहे याचं आश्चर्य वाटतं. तू सहा वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर म्हणालास की ही शाळा नाही, प्राणिसंग्रहालय आहे, आणि मला माझी म्हणून एक खोली मिळेल तेव्हाच मी या घरात पाऊल टाकीन. म्हणालास, पिशवी उचललीस, गेलास. तू जाऊ शकलास, कारण मागे घर रिकामं राहत नव्हतं. मी होते.


रविवार, १७ ऑक्टोबर

दादा,

दुरुस्ती: एजंटला टेन्शन नसतं असं लिहिलं होतं. असतं. त्याच्या मुलीच्या तापाचा फोन आला तेव्हा तो दाराला किल्ली उलटी घालत राहिला. फोन ठेवून त्याने पहिल्यासारखे दात दाखवले. माझं त्याच्याविषयीचं मत फार बदललेलं नाही, पण नोंद करायला हवी.

दोन घरं उरली आहेत. दोन्हींचं वर्णन काटेकोर करते, म्हणजे तुला अंगठा पाठवायला सोपं जाईल.

एक. गावाबाहेर जुनं गोदाम होतं, त्याच्या आवारात बांधलेली बैठी चाळ. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. बाग नाही, गच्ची नाही, लाकूडकाम नाही. फरशी अशी की ओल्या फडक्याने एकदा पुसलं की झालं. मागे उंच पत्र्याची शेड, पूर्वी ट्रक उभे राहायचे. गाडी सरळ आत जाते, सरळ बाहेर येते, वर भरपूर जागा राहते. शेडमध्येच गाडीतलं घाण पाणी सोडायला गटाराचं तोंड आहे आणि ताजं भरायला नळ. मी त्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत तपासलं, चांगलं आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घराबाहेर भिंतीत एक कॉक आणि एक बटण. कॉक फिरवला की सगळं पाणी बंद, बटण दाबलं की सगळी वीज बंद. फाटकाशी पहारेकरी. मी तो कॉक पाच-सहा वेळा फिरवून पाहिला. टेन्शन नाही बघत राहिला. “मॅडम, तुटेल.” नाही तुटला.

दोन. रो हाऊस. खाली दिवाणखाना, वर दोन खोल्या. बाजूला लांब मोकळी पट्टी, तिथे गाडी मावते. पुढे बाग, मागे पेरूची दोन झाडं, वर गच्ची, गच्चीवर दोन टाक्या. आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या, पेरूच्या दिवसांत रोज सकाळी झाडायला लागतं, नाहीतर माश्या होतात. गच्चीला दर वर्षी गळती बघावी लागते. टाकी भरली की पंप बंद करावा लागतो, आपोआप होत नाही. कुंपणाच्या मेंदीला महिन्यातून एकदा कात्री.

मी म्हटलं, “हे तर बाळ आहे. याला सोडून कुठे जाणार?”

बाबा पेरूच्या खोडावर हात फिरवत होते. “त्यात काय,” म्हणाले. “तू आहेसच की.”

कुणी थांबलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. आई वर खोलीची खिडकी उघडून वारा बघत होती. टेन्शन नाही म्हणाला, “बघा, मग तर टेन्शनच नाही.”

त्याने जाताना सहज विचारलं, आत्ता या घराला कुलूप कुठल्या कंपनीचं आहे, नव्या घरालाही तसंच बसवून घेऊ. आम्ही तिघं एकदम म्हणालो, “कुलूप?” दादा, आपल्याकडे कुलूप नाही. आतून कडी आहे. बाहेरून लावायला कधी काही लागलंच नाही. गेले दीड महिने आम्ही गळती, उंची, वळण, फरशी, माश्या सगळं विचारत फिरलो, आणि घर बंद कसं करायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वर्षातले बहुतेक महिने बाहेर राहायचं म्हणून घर शोधणारी आणि कुलूप ठाऊक नसलेली माणसं बहुधा जगात आम्हीच.

एजंटला वाटलं आम्ही थट्टा करतोय.

बाबांनी पूर्ण गुण दिलेली ती व्याख्या मी मनातल्या मनात दुरुस्त केली. आपण नसताना बिघडत नाही ते नव्हे. ज्याची देखभाल दुसऱ्याने करायची, ते. वरची दुसरी खोली माझी, तिच्या खिडकीतून पेरू दिसतात. मला त्या खोलीचा मोह पडला नाही असं नाही. पहिल्यांदाच स्वतःचं दार मिळालं असतं. हेही लिहून ठेवते.


मंगळवार, २ नोव्हेंबर

दादा,

दुरुस्ती मोठी आहे. वरची दुसरी खोली माझी असं मी लिहिलं होतं. ती तुझी आहे.

काल रात्री बाबा कागदावर रो हाऊसचा नकाशा काढत होते. वरच्या एका खोलीत ‘आम्ही’ लिहिलं, दुसरीत तुझं घरातलं नाव. दिवाणखान्यात जिन्याखाली एक चौकोन काढला आणि त्यात ‘दिवाण’ लिहिलं. मी विचारलं, दिवाण कशाला? म्हणाले, “तुला झोपायला. खाली बरं, दार वाजलं तर तुला लगेच ऐकू येईल.”

“आणि ही खोली?”

“त्याने म्हटलंय ना, खोली असेल तर येईन. असू दे खोली. येईल.”

माणूस टॉवेल तोलतो, वेग वाचतो, प्लास्टिकचं गवत उपटून बघतो, आणि सहा वर्षांपूर्वीचं एक वाक्य खरं मानून त्याच्यासाठी भिंती विकत घेतो. मी इतके दिवस त्यांना हसत होते. त्या रात्री हसू आलं नाही, पण तिरस्कार गेला नाही, तो तुझ्याकडे वळला. तू ते वाक्य तावातावात टाकलं होतंस. तुला आठवतही नसेल. इथे त्याच्यावर पेरूच्या झाडांसकट घर उभं राहतंय.

आज सकाळी नोकरीचा कागद आला. धरणावरची जागा मला मिळाली. सोळा नोव्हेंबरला हजर व्हायचं आहे. मी कागद घेऊन आईकडे गेले. ती गाडीच्या काचा पुसत होती.

वाचून म्हणाली, “चांगलं आहे. पण आता कसं जमेल?”

“गोदामाजवळचं घर घेऊ या. एक कॉक, एक बटण. कुणी राहायला नको.”

“एका खोलीत जीव गुदमरतो.”

“तुम्ही त्यात राहणार किती? वर्षातले दोन महिने?”

“आणि घर रिकामं?”

“रिकामं.”

आईने फडकं पिळलं. “हे बघ. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी या घरात बसले. सगळे लग्नांना गेले, मी बसले. माझ्या सख्ख्या बहिणीचं बाळ मी दोन वर्षांचं झाल्यावर पाहिलं, कारण इथे घर सांभाळायचं होतं. कुणी विचारलं नाही, जमेल का. आता मला जायचंय. मी खोटं बोलून गाडी शिकले, का माहितीय? खरं सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मिळून मला समजावलं असतं.”

“मग तू जा ना. मी कुठे अडवतेय?”

“तू बसलीस तर मी जाणार. माझं झालं, आता तुझी पाळी.”

“पाळी कुणी ठरवली?”

“माझी सासूबाईंनी ठरवली. तुझी मी ठरवते.” आणि तिने पुढची काच पुसायला घेतली.

मला हेवा वाटतो अशा माणसांचा, ज्यांना आपल्यावर झालेला अन्याय नीट पाठ असतो आणि तो पुढे वाढायला ते पंगतीत वाढप्यासारखे उभे राहतात. तिची कीव करावी असं मी पुष्कळ वेळ स्वतःला सांगितलं. तिने पिळलेल्या फडक्याचं पाणी माझ्या पायांवर पडत होतं. तिने पाहिलं, आणि पुढे पुसत राहिली.

उद्या पहाटे ते मोठ्या फेरीला निघतायत, दोन आठवडे तरी येणार नाहीत. घराच्या करारासाठी नोंदणी कार्यालयाने पंधरा तारीख दिली आहे, म्हणून बाबांनी माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं. दोन्ही घरांचे मालक तयार आहेत. सहीचं घर कुठलं, ते त्यांनी त्यात लिहिलेलं नाही. लिहायची गरज वाटली नसणार.

“निकाल तुझा,” बाबा म्हणाले.

आठवतं? आपल्या शाळेत महिन्यातून एकदा आपल्यापैकी एक जण परीक्षक व्हायचा आणि बाकीचे उत्तरं लिहायचे. बाबासुद्धा. परीक्षकाचा निकाल कुणी फिरवायचा नाही, अगदी चुकीचा असला तरी. तू एकदा बाबांना भागाकारात नापास केलं होतंस आणि त्यांनी पुन्हा परीक्षा दिली होती. निकाल तुझा म्हणताना त्यांच्या डोक्यात ते होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या डोक्यात होतं.


शनिवार, ६ नोव्हेंबर

दादा,

मागच्या पत्रात चूक नाही. तीनदा वाचलं.

काल मी त्यांना फोन केला. गुपचूप सही करून मोकळी होऊ शकले असते. आई गाडी तशीच शिकली. पण मला खोटं झेपत नाही. सरळ सांगितलं की मी गोदामाजवळचं घर घेतेय.

घाटात कुठेतरी होते. बाबांनी तोंडी सुरू केली.

“पाणी बंद कुठून?”

“बाहेर, एका कॉकने.”

“वीज?”

“एका बटणाने.”

“गाडी?”

“शेडमध्ये. सरळ आत, सरळ बाहेर.”

“आपण नसताना बिघडेल असं काय?”

“काही नाही.”

मग, “खोली एकच.”

“हो.”

“तो आला तर?”

“गाडीत झोपेल. गाडीत चौघं झोपतात, तुम्हीच मोजलंय.”

“आणि तू?”

“मी तिथे नसेन, बाबा. मी धरणावर असेन. सोळाला हजर व्हायचंय.”

त्यांना धरणाचं ठाऊकच नव्हतं. आईने सांगितलेलं नव्हतं. मला मागून आईचा आवाज आला, “काय म्हणतेय? इकडे द्या, स्पीकरवर लावा.”

“घर रिकामं राहणार आहे,” बाबा तिला म्हणाले. हवामान सांगावं तसं.

“मी वळवते गाडी,” आई म्हणाली. “पहिली जागा मिळाली की वळवते. तिला सांगा, आम्ही येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.”

“इथे वळणार नाही ती. पाठीमागे रांग आहे.”

“मग पुढे वळवते! सासूबाई असत्या तर हिची हिंमत झाली असती का?”

“आई, आजी नाही आता,” मी म्हटलं. “आणि तू पण नाहीस घरात. मजेत आहेस. मला आवाजावरून कळतं.”

त्यावर ती जे बोलली ते लिहीत नाही. तिला नंतर दुरुस्ती करावीशी वाटली तर तिची तिने करावी.

मी बाबांना विचारलं, “निकाल माझा आहे ना?”

“दिलाय,” ते म्हणाले.

“परत घेताय का?”

“दिलेला निकाल परत घेत नाहीत.” मग जरा हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून असेल, “तिथे पाणी खोल आहे का गं? धरणावर? कठड्याला हात लावून चालत जा.” आणि लगेच नेहमीच्या आवाजात, “चाळीस. चाळीस. अगं, बेचाळीस झाला.” फोन बंद.

आणि आज तू. सहा वर्षांत पहिल्यांदा तुझी पूर्ण वाक्यं आली. अंगठा नाही, अकरा ओळी. मी बाबांच्या भावनांशी खेळतेय. मी स्वार्थी आहे. म्हातारपणी आईबापांना एका खोलीत कोंडतेय. माझ्या खोलीचं काय. हे शेवटचं तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, पण लिहिलंस. म्हणजे वाक्य आठवत होतं तुला. आई म्हणे फोनवर रडली. तुझ्याकडे रडली. तिला रडायला तू बरा, दूर आहेस, तुझ्या दिवाणखान्यात पाणी साचत नाही.

तुझ्या अकरा ओळींना माझं उत्तर थोडक्यात आहे. रो हाऊस उत्तम आहे. हवेशीर आहे. झाडं आहेत. तिथे तू येऊन राहा. पंप बंद कर, पेरू झाड, गच्ची बघ, मेंदी काप, दार वाजलं की उठ. खोली तुझीच आहे, नकाशावर नाव घातलेलं आहे. आईबाबा निश्चिंत फिरतील आणि आजीचा नियम मोडणार नाही. तू पंधरा तारखेच्या आत इथे येऊन उभा राहिलास आणि ‘मी राहतो’ म्हणालास, तर मी त्या घरावर सही करीन, आनंदाने, आणि धरणावर जाईन. हे मी उपहासाने लिहीत नाही. बाकी सगळं उपहासाने लिहिलंय, एवढं नाही.

तू येणार नाहीस. मला माहीत आहे आणि तुलाही. पण परीक्षकाने उत्तरपत्रिका कोरी आली तरी वेळ संपेपर्यंत बसायचं असतं.

मला भीती वाटते. हे तुला लिहायला लाज वाटते, पण लिहिते. काल मी सरावासाठी घराबाहेर पडले, सगळे दिवे बंद करून, दार नुसतं ओढून, आणि चौकापर्यंत चालत गेले. घरात कुणी नव्हतं, काकूंनाही बसवलं नव्हतं. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोनदा बघितलं. चहाच्या टपरीवर उभी राहून चहा प्यायले. परत आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. खुर्च्या, बेसिन, बाबांचा वजनकाटा. दुसरं कुणी राहायला आलेलं नव्हतं. मी प्रत्येक खोलीत जाऊन पाहिलं, पलंगाखालीसुद्धा. आणि मग मला आजीचा इतका राग आला, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका. एवढ्यासाठी एक अख्खी बाई उंबऱ्याच्या आत बसवून ठेवली होती, आणि दुसरी बसवायला काढली होती.

आईने गाडी वळवली की नाही, कळलेलं नाही. वळवली असेल तर मंगळवार-बुधवारपर्यंत येतील. येऊ देत. त्यांच्या देखत सही करायला मला जास्त आवडेल. मुखत्यारपत्र रद्द करायचं असेल तर बाबांना ते लेखी करावं लागेल, आणि मी बाबांना ओळखते. आई मला दारात अडवील, कदाचित माझ्या हातातले कागद घेईल. त्याच्या प्रती मी प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत.

तुझी ट्रंक, क्रिकेटची बॅट आणि ती फुटकी दुर्बीण गोदामाच्या घरात मावणार नाहीत. पत्ता कळव, पाठवते. नाही कळवलास तर शेजारच्या काकूंना देईन. त्यांच्याकडे सगळं मावतं.

टेन्शन नाही म्हणाला, “मॅडम, कार्यालय अकराला उघडतं, तुम्ही साडेदहाला या, पहिला नंबर लागेल.” मी दहाला जाणार आहे. पिशवी बरोबर असेल. सही करून तिथूनच धरणाकडे जाणारी दुपारची एसटी पकडीन. सोमवार, १५ नोव्हेंबर.